इंडोनेशियाच्या ८०:२० नूडल्स: टीएफएम ७८ भरतो, तरी वडीला भेगा का?

वडीवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. अंघोळीच्या साबणाचं छोटं युनिट आहे, फक्त फिनिशिंगचं. तेलापासून साबण करत नाही. तयार नूडल्स (साबणाच्या छोट्या कांड्या) आणायच्या, मग ॲमल्गमेटर (मिक्सर), ट्रिपल रोल मिल, ड्युप्लेक्स व्हॅक्यूम प्लॉडर (स्क्रूने दाबून साबणाचा सलग बार काढणारं यंत्र), कटर आणि स्टॅम्पिंग.

बॅच अशी आहे: नूडल्स १०० किलो, टाल्क ८ किलो, परफ्यूम १.२ किलो, टायटॅनियम डायऑक्साइड ३०० ग्रॅम, पाणी १ किलो. लेबलवर ग्रेड २ लिहितो, म्हणजे टीएफएम (एकूण फॅटी मॅटर, टक्क्यांत) ७० च्या वर राहायलाच हवा.

आतापर्यंत देशी नूडल्स वापरत होतो. आता एका व्यापाऱ्याकडून सुमात्रातला, बेलावन बंदरातून आलेला माल घेतला आहे. सीओएवर (पुरवठादाराच्या तपासणी दाखल्यावर) आकडे असे: टीएफएम ७८.३, ओलावा १३.२, मीठ ०.४८, मुक्त कॉस्टिक ०.०३, मिश्रण ८०:२० (पाम तेल आणि पाम कर्नल म्हणजे बीच्या गराचं तेल). सगळं आधीच्या मालासारखंच. रेसिपी तीच, यंत्रं तीच. वडी डायमधून गुळगुळीत निघते, पण तीन-चार दिवस वापरली की लांबीच्या दिशेने भेगा पडतात. हात फिरवला की बारीक खरखरही लागते.

दोष रेसिपीत आहे की नूडल्समध्ये, हे कसं ओळखायचं? आणि पुढे थेट कंटेनर मागवायचा झाला तर करारात काय लिहून घ्यावं?

मिलरोल

आधी भेग नीट बघा. वापरलेली वडी मधोमध आडवी कापा आणि कापलेल्या तोंडाकडून पाहा. भेग एस अक्षरासारखी वळलेली दिसली तर प्लॉडरच्या स्क्रूने आणलेला माल पुढच्या निमुळत्या तोंडात, म्हणजे कोनमध्ये, नीट एकजीव झाला नाही. कोन थंड असतो किंवा माल फार कोरडा असतो, तेव्हा असं होतं. भेगा वरवरच्या आणि सगळीकडे पसरलेल्या असतील तर संशय मालावर घ्या.

घरच्या घरी करायची चाचणी: वडी दोऱ्याला बांधून अर्धी पाण्यात बुडवा, खोलीच्या तापमानाला चार तास ठेवा. मग बाहेर काढून २४ तास लटकवून वाळवा. जुन्या मालाची वडी, नव्या मालाची वडी आणि दोन्ही निम्मे-निम्मे मिसळून केलेली वडी अशा तिन्ही एकाच दिवशी बुडवा. पाणी आणि हवा तिघींना सारखीच मिळाली पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

मशीनकडे बघायच्या गोष्टी: प्लॉडरमधून बाहेर येणारा बार ३८ ते ४२ अंशांत असावा. ३५ च्या खाली गेला की नूडलचे तुकडे एकमेकांना चिकटतात पण एकजीव होत नाहीत, आणि तोच जोड पुढे पाण्यात उघडतो. कोनचा हीटर ५० ते ६० वर ठेवा. मिलचा शेवटचा रोल जी फीत काढतो ती बोटांत धरून उजेडाकडे करा. तिच्यात पांढरे टणक ठिपके दिसले तर खरखर तिथूनच येते आहे. अशा वेळी मिलमधून आणखी एकदा काढा आणि शेवटची फट ०.२ मिमीच्या आसपास आणा.

आणि एक, ओलावा मोजल्याशिवाय पाणी वाढवू नका. तुमचाच हिशोब बघा. बॅचचं एकूण वजन ११०.५ किलो, त्यात ७८ किलो फॅटी मॅटर, म्हणजे टीएफएम ७०.६. सीओए बरोबर असेल आणि तुम्ही पाणी १ ऐवजी २.५ किलो केलंत तर वजन ११२, टीएफएम ६९.६. ग्रेड २ गेली. पाणी वाढवायचंच असेल तर टाल्क ८ वरून ६ वर आणा. मग वजन ११० आणि टीएफएम ७०.९ राहतो. भेगांच्या दृष्टीनेही टाल्क कमी केलेलाच बरा, कारण तो साबणाच्या कणांमध्ये बसतो आणि स्वतः कशालाच धरून ठेवत नाही.

ओलिओ_पनवेल

मिलरोल यांनी फिनिशिंगचं सांगितलंच आहे. मी नूडल जिथे बनते तिकडचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ मला मिश्रणात दिसतं.

टीएफएम हा फक्त एकूण फॅटी ॲसिडचा आकडा आहे. ते ॲसिड कुठल्या तेलाचं, हे त्यातून कळत नाही. ८०:२० म्हणजे ८० भाग पाम आणि २० भाग पाम कर्नल तेल. पण या '८० भाग पाम' मध्ये पाम तेल, पाम स्टिअरिन, आणि फॅटी ॲसिडच्या मार्गाने साबण करत असतील तर ऊर्ध्वपातित पीएफएडी (पाम फॅटी ॲसिड डिस्टिलेट), असं काहीही असू शकतं.

इंडोनेशियात हे का घडतं ते बघा. तिथली रिफायनरी पाम तेलाचं फ्रॅक्शनेशन करून, म्हणजे ते थंड करून घट्ट आणि पातळ भाग वेगळे करून, ओलीन वेगळं काढते. ओलीन पातळ असतं, तळणीसाठी तेच खपतं. मागे उरतं ते स्टिअरिन: टणक, वितळबिंदू जास्त, पामिटिक ॲसिडने भरलेलं. म्हणून मेदान, दुमाई, सेई मांगके या सुमात्रातल्या पट्ट्यात, जिथे रिफायनरी आणि ओलिओकेमिकलचे कारखाने जवळजवळ आहेत, स्टिअरिन हा साबणाचा हक्काचा कच्चा माल झाला. पीएफएडी हा तेलाचा वास काढताना डिओडरायझरमध्ये वेगळा होणारा भाग, कच्च्या तेलाच्या साधारण ४-५ टक्के. त्यात मुक्त फॅटी ॲसिड ८० टक्क्यांहून जास्त असतं. खाण्याला चालत नाही, साबणाला आणि फॅटी ॲसिडला चालतं.

दुसरी बाजू पाम कर्नल तेलाची. त्यात लॉरिक म्हणजे सी-१२ ॲसिड ४८ टक्क्यांच्या आसपास असतं; साबणाला पटकन फेस येतो आणि वडी लवचिक राहते ती त्यामुळे. लॉरिक तेलं जगात दोनच मोठी, खोबरेल आणि पाम कर्नल. फिलिपाइन्सने ऑक्टोबर २०२४ पासून डिझेलमध्ये नारळाच्या बायोडिझेलचं प्रमाण ३ टक्के केलं आणि खोबरेल पुढे खूप महागलं; मागोमाग पाम कर्नलही चढलं. अशा वेळी नूडल बनवणाऱ्याला ८०:२० ऐवजी ९०:१० भरण्याचा मोह होतो. टीएफएम ७८ च येतो, ओलावा तोच, मीठ तेच. सीओए स्वच्छ दिसते. वडी मात्र कडक होते, फेस उशिरा येतो, पाण्यात फुगून वाळताना ताण सहन होत नाही आणि ती फुटते.

हे पकडायचं असेल तर कोणत्याही चांगल्या लॅबमधून फॅटी ॲसिडची गॅस क्रोमॅटोग्राफी (जीसी) करून घ्या. हिशोब सरळ आहे: पाम तेलात सी-१२ जवळजवळ नसतंच, त्यामुळे सी-१२ ची टक्केवारी भागिले ०.४८ केलं की पाम कर्नलचा वाटा कळतो. खऱ्या ८०:२० मध्ये सी-१२ साडेनऊच्या आसपास यायला हवं, ९०:१० मध्ये पाचच्या आत-बाहेर. सी-१६ (पामिटिक) सुद्धा बघा. साध्या पाम तेलात ते ४४ च्या आसपास, कर्नलमध्ये ८. म्हणजे ८०:२० मध्ये ३६-३७ येईल. ते ४५-५० कडे गेलं तर स्टिअरिन घातलेलं आहे. स्टिअरिन असणं गुन्हा नाही, चांगल्या ८०:२० मध्येही ते असतं. पण किती आहे ते तुम्हाला माहीत असायला हवं. जीसी जमत नसेल तर साबणातून काढलेल्या फॅटी ॲसिडची आयोडीन व्हॅल्यू (असंतृप्तपणाचा आकडा) करा: साधं पाम तेल वापरलेल्या ८०:२० मध्ये ४५ च्या जवळ, स्टिअरिन वाढेल तसतशी ती तिशीकडे घसरते. मात्र आयोडीन व्हॅल्यू एकटी फसवू शकते, कारण पाम कर्नलचीही आयोडीन व्हॅल्यू कमीच, १७-१८. जीसीला पर्याय म्हणून ती नाइलाजानेच वापरा.

आता खरखरीचं. कारखान्यात ओला साबण ३०-३२ टक्के पाण्याचा असतो. तो गरम करून व्हॅक्यूम स्प्रे ड्रायरमध्ये फवारतात. पाणी झटकन उडतं, भिंतीवर साबणाचा पापुद्रा धरतो, स्क्रेपर तो खरवडून खालच्या प्लॉडरमध्ये पाडतो आणि नूडल निघते. वाफेबरोबर साबणाची बारीक पूड उडून सायक्लोनमध्ये (पूड पकडणाऱ्या भांड्यात) जमते. ही पूड अतिशय कोरडी असते. ती परत मुख्य मालात सोडतात. प्रमाण सांभाळलं तर मिसळून जाते. ड्रायर त्याच्या क्षमतेपेक्षा जोरात चालवला, किंवा स्क्रेपरची पाती झिजून भिंतीवर साबण जास्त वेळ राहिला, तर कोरडे टणक कण नूडलमध्ये तसेच अडकतात. सरासरी ओलावा १३ असतानाही हे कण वेगळे राहतात. तुमच्या हाताला लागते ती बहुतेक तीच खरखर.

एक नूडल घेऊन नखाने मधोमध चिरा आणि भिंगाखाली धरा. एकसारखी, मेणासारखी दिसली तर ठीक. आत पांढुरके काचेसारखे ठिपके असतील तर ते ड्रायरचे.

न्हावाशेवा_कागदपत्रं

करार आणि आयातीबद्दल लिहितो. केमिस्ट्री वरच्या दोघांची.

आधी भाव कसा हलतो ते. इंडोनेशिया कच्च्या पाम तेलाच्या निर्यातीवर शुल्क आणि लेव्ही (शुल्काखेरीजचा वेगळा आकार) जास्त लावते, आणि माल जसजसा पुढे प्रक्रिया होत जातो तसतशी ती कमी करत नेते. उद्देश उघड आहे, तेल बाहेर न जाता कारखाने तिथेच उभे राहावेत. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरची लेव्ही ७.५ वरून १० टक्के झाली. म्हणजे सुमात्रातल्या साबणवाल्याला तेल आतल्या आत स्वस्त पडतं आणि आपल्याकडे तेल आणून साबण करणाऱ्याला महाग. नूडल्स तिकडून येतात त्याचं निम्मं कारण हे. धोरण मात्र रातोरात बदलतं: २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात त्यांनी कच्चं तेल, आरबीडी (शुद्ध केलेलं) पाम आणि ओलीन यांची निर्यातच बंद केली होती. बायोडिझेलचं प्रमाण २०२३ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ४० टक्के केलं, तेव्हा तेल तिकडेच जास्त मुरतं. एकाच देशावर, एकाच पुरवठादारावर सहा महिन्यांचं उत्पादन अवलंबून ठेवू नका.

कंटेनर: २० फुटी कंटेनरमध्ये २५ किलोच्या ९६० गोण्या म्हणजे २४ टन धरा. ओलाव्याचा एक टक्का म्हणजे २४० किलो पाणी, साबणाच्या भावाने. त्यामुळे करारात 'टीएफएम किमान ७८' एवढंच लिहून भागत नाही. मी हे मुद्दे लिहून घ्यायला सांगतो:

टीएफएम किमान ७८, ओलावा १२ ते १४, म्हणजे वरची आणि खालची दोन्ही मर्यादा. बहुतेक लोक फक्त वरची लिहितात, मग कोरडा माल आला की तक्रारीला जागाच उरत नाही. मीठ कमाल ०.५, मुक्त कॉस्टिक कमाल ०.०५. फॅटी ॲसिडमध्ये सी-१२ किमान ९ टक्के. 'मिश्रण ८०:२०' या शब्दांवर भांडता येत नाही, सी-१२ च्या आकड्यावर येतं. ईडीटीए आणि एटिड्रॉनिक ॲसिड (धातूचे अंश बांधून ठेवणारी रसायनं) किती घातलं ते, कारण लोखंड-तांब्याचा अंश राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत वडीवर पिवळे-नारिंगी डाग उमटतात. गोणीच्या आत पॉलिथिनची पिशवी, तोंड बांधलेलं. कंटेनरमध्ये डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या पिशव्या). आणि माल भरताना स्वतंत्र इन्स्पेक्शन कंपनीने नमुना काढून सील करायचा, एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे.

डेसिकंटचं कारण: दिवसा डेकवर कंटेनर तापतो, रात्री छत थंड होतं, हवेतली वाफ छताला धरते आणि वरच्या थरावर ठिबकते. वरच्या गोण्यांचे गोळे झालेले असतात आणि खालच्या ठणठणीत. म्हणून माल उतरवताना नमुना फक्त दारातल्या गोण्यांचा घेऊ नका. ९६० चं वर्गमूळ ३१, त्यात एक मिळवा. ३२ गोण्या, दार, मध्य, शेवट, वर, खाली अशा पसरून. नूडल्स लगेच हवाबंद बरणीत. कागदी पुडीत घेतलेल्या नमुन्याचा ओलावा लॅबमध्ये पोचेपर्यंत बदललेला असतो.

कस्टम्स: साबणाच्या नूडल्स ३४०१ २० खाली जातात. आसियान कराराची सवलत हवी असेल तर फॉर्म एआय (आसियान-भारत करारातला उगमाचा दाखला) लागतोच. सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम आहेत, म्हणजे सवलतीच्या आयातीत मालाचा उगम तपासण्याचे आपले नियम. त्यात फक्त फॉर्म दाखवून सुटका होत नाही. माल त्या देशात कसा 'मूळचा' ठरतो, म्हणजे ३५ टक्के मूल्यवर्धन आणि टॅरिफ उपशीर्षक बदल, याची माहिती आयातदाराने स्वतःकडे ठेवायची असते. ती पुरवठादाराकडून ऑर्डर देतानाच लेखी मागा. माल बंदरात लागल्यावर मागितलीत तर उत्तर येईपर्यंत डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचा आकार) चालू राहतं. फॉर्मवरचं वर्णन, इन्व्हॉइसवरचं आणि बिल ऑफ एंट्रीवरचं शब्दाला शब्द जुळवा.

महिन्याला २४ टनांपेक्षा कमी लागत असेल तर थेट कंटेनर नको. नूडल गोदामात पडून वाळते, आणि वाचवलेला पैसा तिथेच जातो.

वडीवाला_कुपवाड

तिघांचेही मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे तपासण्या करून घेतल्या. नमुना बारा गोण्यांतून, बरणीत.

ओलावा १०५ अंशांवर ओव्हनमध्ये: १०.६. टीएफएम: ८०.१. मीठ ०.५१. जीसीमध्ये सी-१२ ५.१, सी-१६ ५०.२. नूडल चिरून भिंगाखाली पाहिली, आत पांढुरके ठिपके आहेत. कापलेल्या वडीत एस आकाराची भेग मधोमध स्पष्ट दिसते. बारचं तापमान ३४ होतं.

टीएफएम ८० म्हणजे माल उलट चांगलाच म्हणायचा का?

ओलिओ_पनवेल

नाही, तोच माल वाळलेला आहे. १३ टक्के ओलाव्याला आणून बघा: ८०.१ गुणिले ८७ भागिले ८९.४, उत्तर ७७.९ येतं. म्हणजे स्वस्त भराव कुणी घातलेला नाही, फक्त पाणी गेलं आहे किंवा मुळात जास्त काढलं गेलं. ताळा असाही करता येतो: टीएफएमला १.०८५ ने गुणलं की साबण मिळतो, ८६.९, त्यात पाणी १०.६ मिळवलं की ९७.५. उरलेले अडीच टक्के म्हणजे मीठ, ग्लिसरीन आणि बाकीची ॲडिटिव्हज्. जुळतं. ही बेरीज ९५ च्या खाली आली असती तर मी अल्कोहोलमध्ये न विरघळणारा भाग तपासायला सांगितलं असतं.

मिश्रण मात्र ८०:२० नाही. ५.१ भागिले ०.४८ म्हणजे १०.६. हे ९०:१० आहे, आणि सी-१६ पन्नासवर गेलंय त्यावरून पामच्या वाट्यात स्टिअरिन बरंच आहे. व्यापाऱ्याला हा अहवाल दाखवून भावात बोला.

मिलरोल

मग आता पाणी बिनधास्त वाढवा, कारण ते वाढवणं नाही, परत देणं आहे. १०० किलो नूडल्सना १०.६ वरून १३ वर न्यायला पावणेतीन किलो पाणी लागतं. टाल्क ६ केलात तर बॅच ११०.३ किलोची होते आणि टीएफएम ७२.६; ग्रेडला धोका नाही.

पण हे पाणी एकदम ओतू नका. कोरडी नूडल वरून ओली होते, घसरते, आत मात्र तशीच राहते, आणि ॲमल्गमेटर नुसता फिरत राहतो. टायटॅनियम आधी यातल्या एक लिटर पाण्यात घोटून घ्या. ती स्लरी आणि उरलेलं पाणी दोन-तीन हप्त्यांत, झारीने, मिक्सर चालू ठेवून. हवाबंद झाकून काही तास मुरू द्या, शक्य असेल तर रात्रभर. परफ्यूम सकाळी, सगळ्यात शेवटी. मिलमधून तीनदा काढा. ठिपके दुसऱ्या फेरीला कमी होतात, जात नाहीत. कोनचं तापमान वाढवून बार ४० वर आणा. कटिंग आणि डायचा उरलेला माल त्याच दिवशी परत वापरा. रात्रभर उघडा राहिलेला तुकडा म्हणजे उद्याची खरखर.

लवचिकपणासाठी १ किलो स्टिअरिक ॲसिड घालायचा सल्ला कुणी देईल. या मालाला नको, तो आधीच कडक आहे.

खरा उपाय लॉरिक वाढवणं. ६०:४० नूडल्स बाजारात मिळतात. तुमच्या ९०:१० चे दोन भाग आणि ६०:४० चा एक भाग घेतला की पाम कर्नल बरोबर २० टक्क्यांवर येतं. साठा संपेपर्यंत असंच चालवा. दोन्ही नूडल्सचा ओलावा वेगवेगळा असेल, म्हणून पाण्याचा हिशोब मिसळल्यानंतरच्या आकड्यावर करा. पहिल्या बॅचच्या सहा वड्या दोऱ्याला बांधून बुडवा आणि आकडे इथे टाका.

वडीवाला_कुपवाड

६०:४० च्या आठ गोण्या सांगितल्या आहेत, गुरुवारी येतील. तोवर फक्त पाणी, टाल्क आणि कोनचं तापमान बदलून एक बॅच काढतो, म्हणजे कशाने किती फरक पडला ते वेगळं दिसेल. मुरवताना ॲमल्गमेटरमध्येच झाकून ठेवलं तर चालेल, की ड्रममध्ये काढू?

मिलरोल

ड्रममध्ये काढा, आत पॉलिथिन लावून. ॲमल्गमेटरचं झाकण घट्ट बसत नाही, आणि सकाळी वरचा थर पुन्हा वाळलेला मिळतो.